चव्वेचाळीस पिक्सेल

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी दोनशे बारा मुलं नाहीशी झाली.

मुलं म्हणजे त्यांची नावं. मुलांच्या दवाखान्यातल्या संगणकावर येत्या महिन्यात लस घ्यायच्या मुलांची यादी होती, ती एका क्षणात पुसली गेली. त्या वेळी मी काउंटरसमोरच्याच बाकावर बसले होते. मांडीवर साडेपाच महिन्यांची चिंगी, आणि चिंगीचंही नाव त्या दोनशे बारांत.

काउंटरवरच्या मावशी एका पोराला नाक पुसायला कागद देत होत्या. उजवा हात माउसवर होता. टिक, टिक. मग त्यांनी सवयीने छपाईयंत्राकडे पाहिलं. कागद येईना. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "यादी कुठं गेली?"

त्या आवाजात जी भीती होती, ती मी ओळखते. बाळ रडायचं थांबलं की मला तशीच भीती वाटते.

डॉक्टरबाई आतून आल्या. त्यांनी मावशींना काही विचारलं नाही. थेट फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा काउंटरवर ठेवला. पलीकडून एक शांत, खर्जातला आवाज म्हणाला, "मॅडम, नोंद स्पष्ट आहे. नऊ बारा. तुमच्या काउंटरच्या नावाने सगळी यादी निवडली गेली, मग 'पुसा' दाबलं. 'खात्री आहे का?' असं विचारलं. उत्तर आलं, 'हो'. हे आपोआप होत नाही. कुणीतरी करावं लागतं."

"परत आणता येईल?"

"या यादीची वेगळी प्रत ठेवलेली नाही."

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "काल तुम्ही काय म्हणालात, मावशी? सगळ्यांसमोर म्हणालात ना? 'माझ्याशिवाय एक दिवस चालवून दाखवा.'"

"ते रजेवरून. डोळे तपासायला एक दिवस मागितला होता. रागात बोलले."

"मग राग असा काढायचा? मुलांच्या लसीवर?" मावशींनी तोंड उघडलं, पण डॉक्टरबाई थांबल्या नाहीत. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला खरं काय ते सांगा. नाहीतर शनिवारी येऊ नका."

एकोणीस वर्षं ज्या खुर्चीत बसल्या, तिच्याकडे मावशींनी परक्यासारखं पाहिलं.

मी मात्र फोनकडे बघत होते. तो खर्जातला आवाज मला चांगला ठाऊक होता. साडेपाच महिन्यांपूर्वीपर्यंत मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

२

तो आमचा दादा. आमची कंपनी म्हणजे चौघांचा संसार. मॅडम मालकीण, दादा प्रोग्रॅम लिहिणार, मी चित्रं काढणार, आणि मी बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून माझ्या जागी एक मुलगी, जिला सगळे 'बदली' म्हणतात. दवाखान्याचं ते सॉफ्टवेअर आमचंच. पडद्यावरच्या वरच्या पट्टीतले सहा आयकॉन माझ्या हातचे: नवीन, शोधा, दुरुस्त करा, जतन करा, छापा, पुसा. सोमवारी मला परत रुजू व्हायचं होतं, आणि मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "दोघींना ठेवणं कठीण आहे गं. बघू."

त्या 'बघू'ने माझी आठ दिवसांची झोप खाल्ली होती.

पाण्याच्या पिंपाजवळ मी मावशींना गाठलं. सॉफ्टवेअर बसवलं तेव्हापासून त्या मला ओळखतात. पहिला संशय त्यांच्यावरच घ्यायला हवा होता, आणि मी तो घेतला.

"मावशी, खरं सांगा. चिडून दाबलंत?"

"चिडून मी बशा आपटते," त्या म्हणाल्या. "लेकरांच्या लसी नाही पुसत. सोमवारी रात्री जुनी यादी कचऱ्यात जाते, दर मंगळवारी नवी छापते आणि भिंतीवर लावते. सगळी निवडायची, छापा दाबायचं, तो विचारतो खात्री आहे का, एंटर मारायचं. तेच केलं."

"बघून दाबलंत?"

"बघायला डोळे कुठं मोकळे असतात? समोर सतरा पोरं. हात जातो आपसूक. हे बघ." त्यांनी हवेत माउस धरल्यासारखा हात उचलला, थोडा डावीकडे नेला आणि बोट टेकवलं. पुन्हा तसंच केलं. दोन्ही वेळा बोट हवेत एकाच जागी टेकलं.

खोटं बोलणाऱ्या माणसाचा हात इतका सरावलेला नसतो. पण मी एवढ्यावर कुणाला सोडत नाही. मी पाळणाघरंही तीनदा बघून नाकारणारी बाई आहे.

"पडदा दाखवाल?"

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. पट्टीवरची माझी चित्रं एकमेकांशी भांडून बसल्यासारखी दिसत होती. पेन बारीक काडीएवढं. भिंग लहान. छापायचं यंत्र जरा आखडलेलं. आणि शेवटचा कचऱ्याचा डबा, 'पुसा'चा, भलताच ऐसपैस, जणू सगळ्यांच्या वाट्याचं जेवून बसलाय.

"हे असं कधीपासून आहे?"

"कुणास ठाऊक. काल संध्याकाळी नवीन आवृत्ती घातली म्हणे तुझ्या त्या दादाने."

काउंटरच्या कडेला दोरीने एक पातळ माहितीपुस्तिका टांगलेली होती. तीही माझ्याच हातची. मी चाळली. पहिल्या पानावर पाच चित्रं आणि त्यांची कामं. डबा नव्हता. मला आठवलं, डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, "काउंटरला पुसायचं शिकवूच नका."

मी पुस्तिका सोडून दिली. तेव्हा तिचा विचार करायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: माझ्या चित्रांना कुणीतरी हात लावलाय.

आणि हात लावण्याचं कारण असलेली एकच व्यक्ती माझ्या खुर्चीत बसलेली होती.

३

दुपारी चिंगीला कडेवर घेऊन मी ऑफिसात गेले.

"आलीस? सोमवार आज आला का?" दादा म्हणाला. त्याने चिंगीच्या तळपायाला एक बोट लावलं, तिने ते धरलं, आणि त्याला पाच मिनिटं काम करता आलं नाही.

"दादा, नव्या आवृत्तीत पट्टीला हात लावलास?"

"तारखेचा हिशेब चुकत होता, तो दुरुस्त केला. चित्रांना मी कशाला हात लावू? माझी रेघ सरळ येत नाही, तुला माहीत आहे."

"पट्टी वेडीवाकडी दिसतेय, ते पाहिलंस?"

"पाहिली की. आखूड झाली होती. मला वाटलं, बदलीने सुटसुटीत केली." त्याने आवाज खाली आणला. "पण तू त्या बाईंसाठी एवढी का धावतेयस? नोंदीत 'पुसा' आहे. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र अर्धंच सांगतं."

"अर्धं बायका सांगतात," तो हसला. "यंत्र विचारलं तेवढं सांगतं."

बदली माझ्या खुर्चीत, माझाच कप घेऊन बसली होती. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकही जादा कागद नाही. ती उभी राहिली.

"ताई, बसा ना."

"तूच बस. चित्रं कुणी बदलली?"

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी मनात नोंद केली.

"तुमच्या हातचं मी काही बदललं नाही, ताई. एक ठिपकासुद्धा नाही. दादांनी ताजी चित्रं मागितली, मी तुमच्या कपाटातून दिली."

आमच्याकडे सगळ्यांच्या सामाईक जागेला 'कपाट' म्हणतात. आणि कपाटाचा एकच नियम, मी रुजू होण्याच्या आधीपासूनचा: ताजं ते खरं. दोन प्रती दिसल्या तर नवीन तारखेची घ्यायची.

"तुझी इथली नोकरी कुणावर अवलंबून आहे, ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"तुमच्यावर," ती म्हणाली. डोळे खाली गेले नाहीत. "तुम्ही आलात की मी जाणार. म्हणून काय मी तुमची चित्रं चोळामोळा करीन?"

उत्तर बरोबर होतं. फारच बरोबर. तयारी करून ठेवल्यासारखं. खाली उतरताना माझी खात्री पटत चालली होती: हिने माझी चित्रं बिघडवली, म्हणजे मी परतल्यावर बोट माझ्याकडे दाखवता येईल.

पण पायरीवर एक प्रश्न आडवा आला. चित्रं ओबडधोबड झाली, ठीक. त्याने यादी कशी पुसली जाईल? कुरूप बटण दाबलं तरी ते स्वतःचंच काम करतं.

४

उत्तर बुधवारी सकाळी चहात सापडलं.

सासूबाई चिंगीशी गप्पा मारत चहा करत होत्या. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि धावत बेसिनकडे गेला.

"आई, हा चहा आहे की समुद्र?"

"काहीतरीच! साखरच घातली मी."

"मीठ आहे!"

"या घरात तीस वर्षं साखरेच्या जागी साखरच आहे," सासूबाई कडाडल्या. मग त्या फळीकडे वळल्या. फळीवर डबे भिंतीला टेकून एकाला एक चिकटून उभे असतात. पहिले दोन मोठे डबे मी आदल्या दिवशी धुवायला काढले होते आणि त्यांच्या जागी छोट्या बरण्या ठेवल्या होत्या. "डबे कुणी सरकवले?"

"मी," मी म्हणाले. "पण साखरेच्या डब्याला मी हातसुद्धा लावला नाही, आई. मी फक्त पहिले दोन..."

आणि मी तिथेच थांबले.

पहिले दोन लहान झाले, म्हणून पुढचे सगळे डावीकडे सरकले. साखर आपल्या जागेवरून निघाली आणि मीठ तिच्या जागी येऊन उभं राहिलं. सासूबाईंचा हात मात्र तीस वर्षांच्या सवयीने जिथे जायचा तिथेच गेला.

"चिंगीला धरा," मी म्हणाले. "आणि चहा टाकू नका, पुरावा आहे."

"हिला झोप हवी आहे," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

मी बदलीला फोन लावला. "दवाखान्यात गेलेल्या सहाही चित्रांची रुंदी सांग. डावीकडून."

"नवीन चोवीस. शोधा सव्वीस. पेन... बारा? जतन सव्वीस. छापा अठ्ठावीस. पुसा बत्तीस." तिने आकडे पुन्हा पुटपुटले. "ताई, सगळी बत्तीसच हवीत ना?"

हवीत. प्रत्येक चित्र बत्तीस पिक्सेलच्या चौकोनात असतं. पेन बारीक असलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंना न दिसणारी रिकामी कड असते, म्हणून शेजाऱ्याची जागा ढळत नाही. कुणीतरी त्या कडा कापून टाकल्या होत्या. मी पोळीच्या डब्यावर कागद ठेवून बेरीज केली. पाच चित्रांनी मिळून चव्वेचाळीस पिक्सेल गमावले होते. एका बटणाच्या रुंदीपेक्षा जास्त. सहावा, कचऱ्याचा डबा, तेवढाच डावीकडे सरकला होता. पूर्वी जिथे 'छापा'चा मध्य होता, तिथे आता 'पुसा' उभं होतं.

आणि 'छापा' काय, 'पुसा' काय, दोन्ही एकच प्रश्न विचारतात: खात्री आहे का? दादाने एकच खिडकी दोन्हीकडे वापरली होती. मावशींनी नेहमीसारखं एंटर मारलं.

मावशी सुटल्या होत्या. राहिला तो कात्री चालवणारा हात. तो कुणाचा हे मला माहीत होतंच. गुरुवारी जाऊन फक्त धरायचा होता.

५

"कपाट उघड," मी बदलीला म्हणाले. मॅडम आणि दादाही येऊन उभे राहिले. मीच बोलावलं होतं. आरोपी पकडताना साक्षीदार हवेत.

तिने पडद्यावर कपाटाच्या वेगवेगळ्या खणांतले दोन फोल्डर दाखवले. दोन्हींचं नाव 'चित्रे'. एकात सहा चित्रं, जुन्या तारखेची. दुसऱ्यात पाच, नव्या तारखेची. फायलींची नावं हुबेहूब तीच.

"मी नवा घेतला," बदली म्हणाली. "नियमाप्रमाणे. जुन्यावर ठेवला. पाच बदलली, सहावं तसंच राहिलं."

"आणि या पाचांच्या कडा कधी कापल्यास?"

"मी नाही कापल्या."

"मग कुणी? पाचच का? डबाच का सोडला?"

प्रश्न माझ्याच तोंडून निघाला आणि माझ्याच कानात अडकला. पाच. डबा नाही. पाच चित्रं आणि डबा नाही, हे मी दोन दिवसांपूर्वी पाहिलं होतं. एका दोरीला टांगलेलं.

बदलीने फोल्डरच्या तारखेवर माउस नेला. तारीख मोठी होऊन दिसली. वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

ती तारीख मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चिंगी झाली.

त्या दिवशी मी याच खुर्चीत बसून पुस्तिका संपवत होते. छापखान्याने सांगितलं होतं, चित्रं ओळीत बसायला हवीत, भोवतीची रिकामी कड कापून द्या. मी पाचही चित्रांच्या प्रती केल्या, कडा कापल्या. चार वाजता पहिली कळ आली. वेगळं नाव द्यायचं राहिलं. कपाटात टाकल्या आणि रिक्षा बोलवा म्हणाले. ताजं ते खरं, हा नियम मला पाठ होता. तरी टाकल्या.

"मीच," मी म्हणाले.

बदलीने माझा कप उचलून बाजूला ठेवला, जणू तो पडेल.

"तुला मंगळवारपासून माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"तारीख पाहिली होती. पण तुम्ही बाळाला घेऊन आलात, आणि मला तुमची जागा हवी होती. मी सांगितलं असतं तर कुणी काय म्हटलं असतं?"

मॅडमनी घसा साफ केला. "हे बघ. त्या बाईंच्या हातून चुकून दाबलं गेलं, एवढंच दवाखान्याला कळवू. खोटं थोडंच आहे?"

"अर्धं आहे."

"पूर्ण सांगितलंस तर दवाखाना आपल्याला सोडेल. आणि सोमवारी तू कुठल्या तोंडाने त्या खुर्चीत बसणार?"

चिंगी खांद्यावर झोपली होती. मावशींकडे उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ होता.

६

शुक्रवारी चार वाजता मी दवाखान्यात शिरले. दादा मागून आला. मी बोलावलं नव्हतं. "आखूड पट्टी मी पाहून पाठवली," एवढंच म्हणाला.

मावशी ड्रॉवर रिकामा करत होत्या. चष्म्याचं घर, दोरा-सुई, लहान पोरांना दाखवायचा एक घुंगरू.

मी डॉक्टरबाईंसमोर दोन कागदी पट्ट्या एकावर एक ठेवल्या. वरची जुनी, खालची नवी, एकाच मापाने छापलेल्या, डावी टोकं जुळवलेली. मावशींच्या हातात एक टाचणी दिली.

"मावशी, डोळे मिटून नाही, नेहमीसारखं. छापा कुठे असतं?"

त्यांनी वरच्या पट्टीवर 'छापा'च्या मधोमध टाचणी खुपसली. मी खालची पट्टी वर उचलून दाखवली. टाचणीचं टोक कचऱ्याच्या डब्यातून बाहेर आलं होतं.

डॉक्टरबाईंनी त्या भोकावरून बोट फिरवलं. "हे कुणाचं काम?"

"माझं. पाच चित्रांच्या कडा मी कापल्या आणि चुकीच्या नावाने ठेवल्या. मावशींचा हात बरोबर होता. त्याखालची जागा मी हलवली."

"आणि तपासलं मी नाही," दादा म्हणाला.

डॉक्टरबाई मावशींकडे वळल्या. माफी मागायची त्यांना सवय नसावी, शब्द शोधत होत्या. "रजा कधीची हवी होती तुम्हाला?"

"मंगळवारची," मावशी म्हणाल्या आणि घुंगरू परत ड्रॉवरमध्ये टाकला. "आता पुढच्या मंगळवारी जाईन म्हणते. माझ्याशिवाय चालवून दाखवा."

दवाखान्याने आम्हाला सोडलं नाही, पण प्रत्येक आवृत्ती आधी मावशींना दाखवायची अशी अट घातली. मॅडमनी मला कामावर घेतलं. खुर्ची बदलीचीच राहिली. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर, आणि माझं प्रत्येक चित्र कपाटात जाण्याआधी ती पट्टीने मोजते. तिला त्यात जरा जास्तच आनंद होतो, असा माझा संशय आहे. सहाही चित्रं आता बत्तीसच्या चौकोनात आहेत, कडांसकट. डबा पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, आणि तो वेगळा प्रश्न विचारतो.

घरोघरच्या लसीच्या कार्डांवरून आणि जुन्या वह्यांतल्या फोन नंबरांवरून मावशींनी यादी पुन्हा उभी केली. दोन आठवड्यांनी मी चिंगीला घेऊन गेले, तेव्हा त्या ती छापत होत्या. एका रडक्या पोराला घुंगरू वाजवून दाखवत त्यांनी न बघता हात नेला. टिक. एंटर. छपाईयंत्र घरघरलं. मी श्वास सोडला.

कागद घेऊन त्यांनी खालची बेरीज मला दाखवली. दोनशे नऊ.

"तीन कमी," मी म्हणाले.

"तीन सापडेनात. कोण, तेही कळेना. कार्ड हरवलं असेल, नंबर बदलला असेल. आपणहून येतील तेव्हा खरं."

चिंगीची लस झाली. रडून ती झोपलीही. घरी निघायला हवं होतं. मी बाकावरच बसून राहिले, दाराकडे तोंड करून. दार उघडून कुणी आई मूल घेऊन आत आली, की तिने कार्ड काढण्याआधीच मी विचारत होते, "तुमच्या बाळाचं नाव यादीत आहे ना? नक्की?"